चुलाणाचं तोंड

भुवनने टेपचं एक टोक धुराड्याच्या पत्र्यावर धरलं, दुसरं वाशापर्यंत ताणलं आणि आकडा तिसऱ्यांदा वाचला. साडेसतरा इंच.

"अर्धा इंच कमी आहे," तो शिडीवरूनच कन्नडात म्हणाला.

खाली नरसिंहमूर्ती उपड्या घमेल्यावर बसून कॉफी पीत होते. देवराज मोहल्ल्यात त्यांचं पत्र्याकामाचं दुकान होतं. आपल्या वडिलांनी अर्ध्या म्हैसूरला आंघोळीचं गरम पाणी दिलं, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

"अर्ध्या इंचानं वासा पेटत नाही, सार."

"पेटतो. रोज थोडा थोडा वाळत जातो, आणि पाच वर्षांनी एक दिवस पेटतो."

"आयतु, ठीक आहे," नरसिंहमूर्ती कपातला गाळ मातीत झटकत म्हणाले. "धुराडं सरकवू. तुम्हाला झोप लागली पाहिजे."

झोप भुवनला तशीही लागत नव्हती. जळलेली घरं आणि दुकानं पाहून विमा कंपन्यांना अहवाल लिहायचा, हा त्याचा धंदा. राखेत काठी घालून 'कारण' या रकान्यात काय लिहायचं ते शोधायचं. अकरा वर्षं हे केल्यावर माणसाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसू लागतात, जळलेल्या आणि अजून न जळलेल्या. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. भुवन गार पाणीही फुंकून प्यायला असता. आता त्याच्याच घराच्या मागच्या अंगणात, येलवालच्या कौलारू न्हाणीघरात, लाकडावर पाणी तापवायचं चुलाण बसत होतं, आणि ते त्यानंच बसवायला घेतलं होतं.

कारण यशस्विनी बाळंत झाली होती. तिला आई नव्हती, म्हणून माहेरी न जाता ती इथंच राहिली. बाळंतिणीला न्हाऊ घालायला नंजनगूडची तिची मावशी गिरिजाबाई येणार होती. गिरिजाबाईंच्या हातून पन्नासेक बाळंतिणी न्हाऊन निघाल्या होत्या आणि त्यांची अट एकच होती. पाणी लाकडावर तापलेलं हवं, मोठा हंडा भरून. "गीझरच्या पाण्यानं भांडी धुवा," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. यशस्विनीची कंबर धरली होती, रात्रंदिवस ठणकत होती, आणि मावशीच्या हाताखाली एकदा पडलं की सगळं सुटेल असं तिला वाटत होतं. तिला नाही म्हणायचं तर भुवनला कारण सांगावं लागलं असतं. आणि कारण म्हणजे त्याची आई, गोदावरीबाई.

गोदावरीबाई मागच्या दारातून आल्या. भिंतीला पाडलेल्या भोकापाशी उभ्या राहून त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"चुलाणाचं तोंड भायेर काढलं का?"

"हो. लाकडं बाहेरून घालायची. म्हणजे धूर आत येणार नाही."

"आत घे."

"आई, तोंड आत ठेवलं तर जाळ आतली हवा खातो. दार बंद, आत बाळ. नाही चालत."

"न्हाऊ घालणारीनंच जाळ बघायचा रे. एक आत, एक भायेर, मधे भिंत. असं नको." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आतली काय म्हणते ते भायेरच्याला कळायला नको का?"

"मी असेन ना बाहेर. ऐकू येतं मला."

गोदावरीबाईंनी नरसिंहमूर्तींच्या हातचा रिकामा कप घेतला आणि त्या आत गेल्या. तोंड बाहेरच राहिलं.

आईनं चुलाणाबद्दल बोलावं हेच भुवनला सहन होत नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी याच न्हाणीघरात त्याची धाकटी बहीण गेली होती. चंदना, पाच महिन्यांची. थंडीचे दिवस होते. आईनं तिला न्हाऊ घातलं, गुंडाळलं, बाहेर गार वारा म्हणून तिथंच उबेला पाटावर निजवलं आणि दार लोटलं. तेवढ्यात पुढच्या दारी कुणीतरी हाक मारली. जाता जाता आई भिंतीबाहेर चुलाणाच्या तोंडाशी बसलेल्या भुवनला म्हणाली, "वाढव रे आता." तो सात वर्षांचा होता आणि त्याला काम सांगितलं की अभिमान वाटायचा. त्यानं तीन जाड लाकडं आणि टोपलीभर करवंट्या आत सारल्या. आई परत आली तेव्हा हंड्याभोवतीची माती तडकली होती आणि खोली धुरानं भरली होती.

संध्याकाळी वडिलांनी, दत्तोजीरावांनी, सगळ्यांसमोर विचारलं होतं. भुवन म्हणाला होता, "आईनं सांगितलं वाढव म्हणून." वडिलांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "हो. मीच म्हटलं." दुसऱ्या दिवशी वडिलांनी पहारीनं चुलाण फोडलं. घरात त्याविषयी पुन्हा कुणी बोललं नाही. यशस्विनीला फक्त एवढंच ठाऊक होतं, की एक नणंद लहानपणी गेली.

भुवननं आईला कधी दोष दिला नव्हता. तोंडानं तरी नाही. पण बंद खोलीत तान्हं मूल आणि ही बाई जाळ वाढवायला सांगून निघून जाते, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. त्याच्या धंद्यात त्या रकान्यात एकच शब्द लिहितात, निष्काळजीपणा. त्याची तान्ही मुलगी, पावनी, घरी आल्यापासून बारा दिवस तो आईवर डोळा ठेवून होता. आईनं नातीला मांडीवर घेतलं की त्याला त्या खोलीत काहीतरी शोधायचं असे. चार्जर, चष्मा, कालचा पेपर. आई मग बाळ यशस्विनीकडे देऊन उठे. मायलेकांत याबद्दल एक शब्द झाला नव्हता, आणि दोघांनाही ते नेमकं ठाऊक होतं.

काम दोन दिवस चाललं. धुराडं वाशांपासून पुरतं अठरा इंच दूर गेलं. कौलांतून जातं तिथं दुहेरी पत्रा बसवला, आढ्याच्या वर तीन फूट नळी काढली, तिच्यावर टोपी बसवली. तांब्याच्या हंड्याभोवती भट्टीची माती लावून ती आणखी दोन दिवस वाळू दिली. खाली एक झरोका, वर एक झरोका. विषारी वायू साचला तर ओरडणारं एक यंत्र भुवननं मागवून आतल्या भिंतीवर लावलं. त्याचा हिरवा दिवा मिणमिणत होता.

शेवटी नरसिंहमूर्तींनी थोडी पानं पेटवली आणि आत जाऊन मातीच्या सांध्यांवरून एक पेटती अगरबत्ती हळूहळू फिरवली. अगरबत्तीचा धूर कुठंही वाकडा झाला नाही. भुवननं त्यांच्या हातून ती घेतली आणि स्वतः एकदा फिरवली. मग पुन्हा.

"सार," नरसिंहमूर्ती म्हणाले, "माझ्या पंचेचाळीस वर्षांत इतकं सुरक्षित चुलाण मी बसवलं नाही. आता ह्याच्यात काही झालं तर ते माणसाच्या हातून होईल."

त्यांनी हे कौतुकानं म्हटलं होतं. भुवनला ते रात्रभर पुरलं.

गिरिजाबाई पहाटेच्या गाडीनं आल्या. हातात औषधी पाल्याची पिशवी, काखेत तेलाची बाटली आणि आवाज असा की येलवालच्या बसस्टँडपर्यंत जावा. आल्या आल्या त्यांनी चुलाण पाहिलं, धुराड्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे चुलाण आहे की गिरणी?"

सात वाजता जाळ झाला. भुवन बाहेर तोंडाशी बसला. समोर लाकडं एकसारख्या जाडीची कापून रचलेली, बाजूला पाण्याची बादली, वाळूची बादली. भिंतीपलीकडून पाणी पडल्याचा आवाज, यशस्विनीचं कण्हणं, गिरिजाबाईंचं "सुम्ने, गप बस गं, हाडं काय माझी आहेत का" असं दटावणं. पावनीचं रडणं. रडण्याला भुवनची हरकत नव्हती. ती रडत होती तोवर तो श्वास घेत होता. ती थांबली की तो उठून झरोक्याला कान लावी.

गोदावरीबाई धुण्याच्या दगडापाशी उभ्या होत्या. जाळ झाल्यापासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. अंगावर शाल नव्हती आणि पौषातली थंडी चांगलीच लागत होती.

"आई, आत जा. गारठशील."

"राहू दे."

"मी आहे इथं."

"हो. तू आहेस."

पावनीचं रडणं थांबलं. भुवन उठायला लागला, तोच आतून गिरिजाबाईंचा आवाज आला.

"जावईबापू, आमचं झालं. वाढवा आता."

भुवन होता तसाच थांबला. बंद दार, आत बाळ, आणि तोच शब्द. म्हणजे बायका असं सांगतातच, त्याच्या मनात आलं. न्हाऊन झाल्यावर शेक हवा असेल. पन्नास बाळंतिणी केलेली बाई सांगते आहे, तिला ठाऊक असेल. चुलाणही आता नवं आहे. तरी त्यानं विचारलं,

"किती, मावशी?"

"किती काय विचारता? सगळाच वाढवा!"

त्यानं एक लाकूड उचललं. दुसरं उचललं. ती तोंडापाशी नेली आणि त्याच्या मनगटावर आईचा हात पडला. तो हात इतका घट्ट होता की लाकडं खाली पडली. गोदावरीबाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी चुलाणात हात घालून पेटतं लाकूड बाहेर ओढलं. चिमटा शेजारीच होता, पण त्यांनी तो घेतला नाही. दुसरं ओढलं. तिसरं. लाकडं मातीत धुमसत पडली तशी त्यांनी त्यांच्यावर वाळूची बादली उपडी केली.

"आई, काय करतेस? मावशी वाढवा म्हणते आहे."

"विझवायला सांगते ती."

"वाढवा म्हणाली. मी ऐकलं."

"हो," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष निखाऱ्यांकडे होतं. "तेच."

दार उघडलं. गिरिजाबाई बाळाचं गाठोडं छातीशी धरून बाहेर आल्या. पावनी लाल झाली होती आणि जांभई देत होती. भुवन धावत आत जाऊन आला. भिंतीवर हिरवा दिवा होता, यशस्विनी ओल्या केसांनी भिंतीला टेकून हसत होती.

"वाढवला का?" गिरिजाबाईंनी वाळूकडे पाहिलं. "हे काय, सगळं अंगण घाण केलंत."

"मावशी, वाढवा म्हणजे..." भुवनला पुढं बोलता येईना.

"म्हणजे काय म्हणजे? विझव म्हणतात का कुठं, बाळंतिणीच्या घरात? दिवा वाढवायचा, चूल वाढवायची. बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं. कन्नडात काय निराळं आहे? दीपा दोड्डदु माडु म्हणतात ते ऐकलं नाही?"

ते त्यानं ऐकलं होतं. शेजारच्या घरात देवाचा दिवा शांत करताना असं म्हणतात, दिवा मोठा कर. पण तो देवाचा दिवा. जाळाशी त्यानं ते कधी जोडलं नव्हतं.

"विहीणबाई," गिरिजाबाई गोदावरीबाईंना म्हणाल्या, "पोराला मराठी शिकवलीत की नाही? तुमच्याकडे वाढव म्हणत नाहीत?"

"आमच्याकडे बंद कर म्हणतात," गोदावरीबाई म्हणाल्या.

"बंद कर? तो काय नळ आहे?" असं म्हणून गिरिजाबाई हसत बाळाला घेऊन घरात गेल्या. यशस्विनी त्यांच्या मागून गेली.

भुवन चुलाणाच्या तोंडाशी उभा राहिला. बंद कर, ऑफ कर, काढून टाक. आईच्या तोंडून त्यानं जन्मभर हेच ऐकलं होतं, दिव्याला, गॅसला, उदबत्तीला. तो सात वर्षांचा असताना एका संध्याकाळी तिनं 'वाढव' हा शब्द टाकून दिला होता आणि त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्याला आता सगळं नीट दिसलं, आणि दिसलं ते इतकं लाजिरवाणं होतं की त्याला कुठंतरी जाऊन लपावंसं वाटलं. आईनं त्या दिवशी जाळ विझवायला सांगितला होता. लाकडं त्याच्या हातानं गेली होती.

दुपारी त्याला आई स्वयंपाकघरात सापडली. उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आले होते आणि ती डाव्या हातानं त्यांवर खोबरेल लावत होती. त्यानं तिच्या हातातली वाटी घेतली आणि समोर बसला. त्यानं तेल लावलं.

"बाबांना तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"काय सांगायचं? वाढव म्हटलं का, विचारलं त्यांनी. म्हटलं होतं."

"पण त्याचा अर्थ..."

"अर्थ मी नंतर सांगितला असता तर कुणाकडे बोट गेलं असतं?" तिनं हात थोडा मागं घेतला. झोंबलं असावं. "त्यांनी मला कधी हात लावला नाही. शिवी दिली नाही. नुसतं बघायचे. जेवताना, पाणी आणून देताना, मी देवाला फुलं वाहताना. वीस वर्षं. शेवटी आजारपणातसुद्धा. ते बघणं तुला सोसलं नसतं रे. सात वर्षांच्या पोराला कसं सोसणार?"

"मीपण तसाच बघत आलो," तो म्हणाला.

गोदावरीबाईंनी त्याच्या हातातली वाटी काढून खाली ठेवली.

"तुझं मला समजत होतं," त्या म्हणाल्या. "तू त्यांचं बघून शिकलास."

आतल्या खोलीतून गिरिजाबाईंनी हाक मारली. यशस्विनीला घोंगडीत गुंडाळून घाम येईपर्यंत झोपवायचं होतं, तेव्हा बाळाला कुणीतरी न्या. भुवन गेला. पावनी त्याच्या दोन्ही हातांत मावत होती. तिच्या डोक्याला ओव्याच्या धुरीचा वास येत होता. तो तिला घेऊन स्वयंपाकघरात परत आला.

गोदावरीबाईंनी त्याला येताना पाहिलं आणि त्या उठू लागल्या.

"माझी बोटं भाजलीत. तेल लागलंय हाताला. तिच्या आईच्या कुशीतच दे की."

"तिला झोपवलंय. बैस तू."

त्यानं त्यांच्या मांडीवर पावनीला ठेवलं. गोदावरीबाईंनी भाजलेला हात वर, अधांतरी धरला आणि दुसऱ्या हातानं तिचं डोकं सावरलं. या खोलीत आज त्याला काहीही शोधायचं नव्हतं. तो वळला आणि मागच्या दाराकडे निघाला.

"कुठं चाललास?"

"इथंच. अंगण झाडून घेतो."

"भुवन."

तो थांबला.

"जाऊ नकोस," आई म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "मला भीती वाटते. चंदनानंतर मूल घेऊन मी एकटी बसले नाही कधी."

भुवन दाराच्या चौकटीला धरून राहिला. त्यानं दार पूर्ण उघडलं आणि ते हलू नये म्हणून त्याला पाटा लावला. मग तो उंबऱ्यावर बसला, आईकडे पाठ करून, अंगणाकडे तोंड करून. समोर वाळूखाली लाकडं गार झाली होती. शेजारच्या नारळावर कावळा कशासाठी तरी ओरडत होता.

मागं बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग पावनी शिंकली. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

भुवननं मागं वळून पाहिलं नाही.